साठीनंतर कॅमेरा हातात आलाय. फोटो काढतोय खरा, पण त्यांचं करू काय?

गिरणाकाठचा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी भडगावचा. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली, सगळी आकडेमोडीत गेली. गेल्या मे अखेरीस सुटलो. पोराने पुण्यात नवा कॅमेरा घेतला आणि जुना निकॉन मला आणून दिला. म्हणाला, "पप्पा, टीव्हीशी भांडत बसण्यापेक्षा हे करा." सोबत १८-५५ ची लेन्स आणि एक बॅग, जिचे सगळे कप्पे मला अजून सापडलेले नाहीत.

आठ महिन्यांत चार हजारांवर फोटो झाले. गिरणेचं कोरडं पात्र, पूर आलेलं पात्र, कपाशीची फुलं, बाजारातल्या मिरच्या, शेजाऱ्यांची म्हैस. मजा येते, खोटं कशाला बोलू. पहाटे उठायचा कंटाळा गेला. पण अडचणी आहेत.

एक म्हणजे डोळ्याला लावून बघतो तेव्हा सगळं धूसर दिसतं. मागच्या स्क्रीनवर बघून काढतो, तर उन्हात स्क्रीनवर माझंच तोंड दिसतं. दुसरी अडचण म्हशीची. म्हैस काळी कुळकुळीत आहे, फोटोत राखाडी येते. आणि मुख्य प्रश्न हा, की हे चार हजार फोटो कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत, ते बघतंय कोण? घरच्या ग्रुपवर टाकले की दोनच अंगठे येतात. त्यातला एक साल्याचा, आणि तो श्रद्धांजलीलाही अंगठाच देतो. आमची मंडळी परवा म्हणाली, "चार हजार फोटूसमा मना एक भी नही." म्हणजे तिचा एकही फोटो नाही. मी हसलो. पण खरंच, या वयात हे नीट शिकावं, क्लास लावावा, की आहे तसं खेळणं म्हणून चालू द्यावं?

खापर_आणि_खिचडी
स्वागत! पण फोटोग्राफीचा धागा आणि एकही फोटो नाही? म्हणजे वांगं न भाजताच भरीत.

भुसावळ_लोको
काका, धूसर दिसण्यावर इलाज सांगतो, फुकटात. ज्या खिडकीला डोळा लावता तिच्या कडेला एक बारीक चाक असेल, नाहीतर सरकणारी पट्टी. रबराच्या कडेखाली लपलेली असते. ते चष्म्याच्या नंबरासारखं आहे, त्याला डायॉप्टर म्हणतात. आत बघा, खाली जे आकडे दिसतात ते स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवा. समोरच्या देखाव्याकडे लक्ष देऊ नका, आकड्यांकडेच द्या. फोटो मुळात धूसर येत नव्हतेच, तुम्हाला तसे दिसत होते.

रेल्वेत होतो. रिटायर झालो आणि तुमच्यासारखाच पोराच्या जुन्या कॅमेऱ्यावर बसलो. मलाही हे चाक चार महिन्यांनी कळलं.

गिरणाकाठचा
@भुसावळ_लोको साहेब, पाय कुठे आहेत तुमचे! चाक सापडलं. पुलावरची पाटी अक्षर न् अक्षर वाचता आली. आठ महिने मी डोळ्यांना दोष देत होतो. मध्ये एकदा चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून आणला.

स्टुडिओवाला_चोपडा
म्हशीचं मी सांगतो. माझा चाळीस वर्षं स्टुडिओ होता, आता मुलगा बघतो, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ करतो आणि मला गल्ल्यावर बसवतो.

कॅमेऱ्याला म्हैस कळत नाही. समोर येणारा उजेड सरासरी मध्यम राखाडी असणार असं तो धरून चालतो. चौकटभर काळी म्हैस आली की त्याला वाटतं अंधार आहे, मग तो जास्त उजेड आत घेतो आणि म्हैस राखाडी होते. पांढऱ्याशुभ्र धोतराचं उलट, ते मळकट येतं. कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्हाचं बटण असेल. म्हशीला उणे एक करा, धोतराला अधिक एक.

आता पुढचा धडा. म्हशीच्या पाठीवर गायबगळा बसला की काय कराल? चौकटीत म्हैस जास्त, बगळा एवढासा. कॅमेरा म्हशीचं ऐकतो आणि बगळ्याचा कागद होतो, एक पीस दिसत नाही. तेव्हाही उणेच करायचं, बगळा सांभाळायचा. म्हैस थोडी काळी पडली तर पडू द्या, ती मुळातच काळी आहे.

खापर_आणि_खिचडी
"कॅमेरा म्हशीचं ऐकतो." हे मी फळ्यावर लिहून ठेवणार.

रोखठोक_रावेर
मी स्पष्टच बोलतो. साठीनंतर हे खर्चाचे नाद हवेत कशाला? आज १८-५५, उद्या मोठी लेन्स, परवा ट्रायपॉड. मोबाइलमध्ये सगळं येतं. ज्या पोराने कॅमेरा दिला त्याला म्हणावं, महिन्यातून एकदा येऊन बस जवळ. फोटोंचं काय करू असा प्रश्न पडतो याचाच अर्थ गरज नव्हती. माझ्याकडे चार बिघे केळी आहे, मला नाही पडत असे प्रश्न.

अमळनेरची_माई
रावेरकर भाऊ, तुमच्याकडे चार बिघे केळी आहे, आमच्याकडे दोन खोल्या आणि गच्ची आहे.

मी ६७ वर्षांची. हे गेल्यावर वर्षभर मी गच्चीवर फक्त वाळवणाला जायचे. मग नातीने तिचा जुना मोबाइल दिला. समोरच्या गल्लीत निंबाचं झाड आहे, त्याचा रोज सकाळी सात वाजता एक फोटो काढायचा असं ठरवलं. कठड्याला खडूने खूण केली, मोबाइल तिथेच टेकवायचा. वर्षभर काढला. बारा दिवस चुकले, आठ आजारपणात आणि चार विसरून.

काय मिळालं विचाराल तर सांगते. चैत्रात पालवी तांबूस असते हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. आषाढात एक फांदी मोडली, ती कोणत्या रात्री मोडली ते मी तारखेसह सांगू शकते. भाद्रपदापासून एक बाई त्या झाडाखाली रोज त्याच वेळी उभी दिसते, मार्गशीर्षात दिसेनाशी झाली. कोण होती कोण जाणे. तिचे सत्तरएक फोटो आहेत माझ्याकडे.

रोखठोक_रावेर
माई, तुमच्याशी वाद नाही. पण तुम्ही मोबाइलवरच काढले ना? मग माझंच म्हणणं खरं झालं.

मूळ_धुळे_सध्या_पुणे
मोबाइल विरुद्ध कॅमेरा, आला का विषय! गिरणाकाठचा काका, माझा सल्ला ऐका. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली ती १८-५५, ठेवून द्या बाजूला. मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी आणि लांबचं ओढणारी २००-६०० ची लेन्स घ्या. पक्षी सुरू केले की मागे वळून बघणार नाही.

भुसावळ_लोको
@मूळ_धुळे मागे वळून बघणार नाहीत कारण मान वळणारच नाही. बॉडी आणि ती लेन्स मिळून अडीच किलोच्या पुढे जातं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर असताना आमच्या वयाच्या माणसाने ते गळ्यात घालून हतनूर धरणाच्या काठाने फिरायचं?

मी पक्ष्यांसाठी निकॉनचा पी ९०० वापरतो. जुना आहे, २०१५ चा. लेन्स बदलायची भानगड नाही, झूम ८३ पट, वजन साधारण ९०० ग्रॅम. त्याचा मोठा भाऊ पी १००० जास्त लांबचं ओढतो, पण तो जवळपास दीड किलो आहे. चित्र मोठ्या लेन्सइतकं धारदार येत नाही हे मान्य. पण तो रोज घराबाहेर निघतो. तुमची २००-६०० किती दिवस कपाटात असते?

मूळ_धुळे_सध्या_पुणे
😶 मागच्या दिवाळीपासून.

लेवा_पोरगी
हात थरथरतो त्यांच्यासाठी आमच्या बाबांची युक्ती. ट्रायपॉडऐवजी जुन्या पॅंटच्या पायाची पिशवी शिवायची, तिच्यात ज्वारी भरायची, ती गाडीच्या खिडकीवर किंवा बांधाच्या दगडावर ठेवायची आणि वर कॅमेरा. लेन्स त्यात रुतून बसते, हलत नाही. फक्त पिशवीला चेन लावा आणि दाणे मधूनमधून बदला. बाबांनी बदलले नव्हते. एकदा किंगफिशरची वाट बघत बसले असताना पिशवीतून सोंडे बाहेर पडून लेन्सवर फिरायला लागले. आई म्हणाली, आता ह्याचेच फोटो काढा.

सातपुडा_पायथा
पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रानपिंगळा नावाचं लहान घुबड. शास्त्रात त्याची नोंद १८७३ ची. १८८४ नंतर त्याचा भरवशाचा पुरावा कुणाला मिळाला नाही, एका इंग्रज माणसाने १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरून लेबल बदललेला निघाला. सगळे समजले, पक्षी संपला. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो सापडला कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ! पामेला रासमुसेन आणि बेन किंग ही अमेरिकन मंडळी त्याच्या शोधात आली होती. ११३ वर्षांनी. आपण लहानपणापासून त्या रस्त्याने तोरणमाळला जात होतो.

तो दिवसा हिंडतो, म्हणून म्हाताऱ्या फोटोग्राफरांच्या सोयीचा. पण हात जोडून विनंती, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका आणि ढोलीजवळ जाऊ नका. वीण चालू असताना तो अन्न सोडून तुमच्या स्पीकरशी भांडत बसतो.

खापर_आणि_खिचडी
मी काढलाय रानपिंगळ्याचा फोटो! आमच्या शेवग्यावर बसला होता.

सातपुडा_पायथा
@खापर तुमच्या प्रोफाइलवर पाहिला. तो साधा पिंगळा आहे. डोक्यावर ठिपकेच ठिपके आहेत बघा, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. शेवग्यावरच बसू द्या त्याला.

मूळ_धुळे_सध्या_पुणे
बरं, होळी जवळ आली. काठी गावच्या राजवाडी होळीला कोण कोण येतंय? अक्कलकुव्यापर्यंत गाडी करू. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे, अंगावरची नक्षी, पहाटेची आग. एका रात्रीत वर्षभराचे फोटो होतात. काका, तुम्हीही चला, क्लासबिस सोडा.

नंदुरबारी_दिवा
मी त्याच भागातला आहे म्हणून लिहितो, राग मानू नका. गेल्या काही वर्षांत होळीभोवती नाचणाऱ्यांपेक्षा लेन्स जास्त दिसतात. जे नाचतात ते आधी कितीतरी दिवस पाळणी करतात. जमिनीवर झोपणं, खाण्यापिण्याचे नियम, सगळं मन्नत म्हणून. तुम्ही त्यांना "इकडे बघ, अजून एकदा उडी मार" म्हणता. माझ्या मामाला एकाने घुंगरांचा पट्टा काढून हातात धरायला सांगितलं, फोटोसाठी. मामाने धरलाही, कारण तो भिडस्त आहे. त्या रात्री घरी येऊन जेवला नाही.

मूळ_धुळे_सध्या_पुणे
सगळेच फोटोग्राफर तसे नसतात. जग बघतंय म्हणून तर होळीचं नाव झालं. कुणीच आलं नसतं तर?

नंदुरबारी_दिवा
कुणीच आलं नसतं तरी होळी पेटली असतीच. आमचं नाव व्हावं म्हणून आम्ही नाचत नाही.

या, बंदी नाही. आदल्या दिवशी या, चहा प्या, विचारा. आणि पुढच्या वर्षी येताना गेल्या वर्षीचे फोटो कागदावर काढून आणा. आजवर शेकडो लोक मामाचा फोटो घेऊन गेले. मामाच्या घरात भिंतीवर एकही नाही.

स्टुडिओवाला_चोपडा
दिवा भाऊंचं शेवटचं वाक्य मला लागलं. आमच्या धंद्यात उलटं होतं, फोटो गिऱ्हाईकाच्या घरी जायचा आणि आमच्याकडे निगेटिव्ह राहायची.

तेव्हाचं थोडं सांगतो, विषयांतर वाटलं तर पुढे जा. माझ्याकडे सुरुवातीला आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलवर बाराच फोटो. बारा! दाबण्याआधी माणूस श्वास रोखायचा, काढणारा आणि काढून घेणारा दोघंही. डार्करूम म्हणजे जिन्याखालची कोठी. रोल पूर्ण अंधारात हाताच्या अंदाजाने धुवायचा, लाल बल्ब फक्त कागदावर छापताना. सिनेमात लाल उजेडात रोल उलगडून बघतात तेव्हा मला अजून हसू येतं. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास बोटांना इतका बसायचा की घरी पोरं हातचा घास घ्यायची नाहीत. बारीक टोकाच्या पेन्सिलने निगेटिव्हवर देवीचे वण बुजवायचो. पडद्यावर ताजमहाल होता, चोपड्याची निम्मी जोडपी त्याच्यासमोर उभी राहिली आहेत.

सगळ्यात अवघड काम कुठलं सांगू? कोणीतरी वारलं की घरचे यायचे. "आजीचा फोटो हवा, दहाव्याला लावायचा आहे." आणि घेऊन यायचे काय, तर कुणाच्यातरी लग्नाचा ग्रुप फोटो. तिसऱ्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधून अर्धा चेहरा. त्यातून आजी उभी करायची. कधी गालाची एक बाजू मी माझ्याच मनाने काढली आहे. लोक रडायचे आणि म्हणायचे, अगदी आजीच. मी मान हलवायचो.

खापर_आणि_खिचडी
🙏 काका, यावर वेगळा धागा काढा.

चाळीसगाव_जंक्शन
खान्देशातला फोटोग्राफीचा धागा आणि अजून केकी मूस यांचं नाव नाही? आमच्या चाळीसगावचा माणूस! जन्म १९१२, गेले १९८९. पारशी, मुंबईत जन्मलेले, इंग्लंडला जाऊन शिकून आले. आणि मग स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात शिरले ते जवळपास पन्नास वर्षं बाहेरच पडले नाहीत म्हणा ना. अगदी मोजक्या वेळा उंबरा ओलांडला, त्यातली एक वेळ विनोबांचा फोटो काढायला. रात्री पंजाब मेलच्या वेळेला दार उघडून कुणाची तरी वाट बघायचे, ती गोष्ट गावात पोरासोरांना पाठ आहे.

मुद्द्याचं हे, की घरात बसून या माणसाने काय काढलं? टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, दिवा कुठे ठेवायचा ते ठरवायचं, आणि त्यातून अख्खं निसर्गदृश्य उभं करायचं. टेबलटॉप फोटोग्राफी. देशोदेशीची बक्षिसं घरपोच यायची. तो बंगला आता संग्रहालय आहे. काका, भडगावहून तासाभरावर आहात, आधी तिथे जाऊन या, मग क्लासचं ठरवा. गुडघे दुखतात, ऊन सोसत नाही, गाडी नाही, ही कारणं ते घर बघून आल्यावर तोंडातून निघत नाहीत. माझी तरी नाही निघाली. वेगळी काढावी लागली.

भुसावळ_लोको
चाळीसगावकरांनी बाजी मारली, मग भुसावळनेही मारायला पाहिजे. मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ च्या सुमारास कंपनी सरकारने नेमलेला लष्करी माणूस. वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठी तैलचित्रं केली, ती लंडनला गेली आणि त्यातली बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. जन्म १८०४ चा. आता हिशोब करा, त्याने कॅमेरा हातात घेतला तेव्हा पन्नाशी उलटली होती. काचेच्या प्लेटा, रसायनं, बैलगाडी. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ मध्ये पुस्तकात छापूनही आले. १८७९ साली गेला, कबर आमच्या भुसावळात आहे. त्याच्या आणि पारोच्या प्रेमाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, कॅमेऱ्याची कुणाला नसते.

रोखठोक साहेब, पन्नाशीनंतर बैलगाडीत प्लेटा घालून फिरणाऱ्याला तुम्ही काय सल्ला दिला असता?

रोखठोक_रावेर
हेच, की मोबाइल घे.

लेवा_पोरगी
😂😂 हा शेरा धाग्यातला सर्वोत्तम.

अमळनेरची_माई
मंडळी, एक अनुभव. मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं महिन्याने व्हायचं होतं. पट्टी निघाली त्या दिवशी दोरीवर भावाचं धोतर वाळत होतं. उजव्या डोळ्याने पाहिलं तर पांढरं, निळसर झाक असलेलं. डाव्याने पाहिलं तर चहाच्या गाळण्यातून काढल्यासारखं. महिनाभर मला एकच खेळ होता, हा डोळा झाक, तो डोळा झाक. डॉक्टर म्हणाले, वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, हळूहळू पडतं म्हणून कळत नाही. क्लोद मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचंही १९२३ मध्ये हे ऑपरेशन झालं होतं, नातीने वाचून दाखवलं.

मग निंबाचे जुने फोटो काढून बसले. मोबाइलवर रंग वाढवायची सोय असते, ती मी सढळ हाताने वापरली होती. अर्धं वर्ष झाड हिरवं नाही, पोपटी चमचमतंय! घरात कुणी बोललं नाही, आजीला वाईट वाटेल म्हणून. तर ज्यांना मोतीबिंदू व्हायचा आहे त्यांनी मूळ फोटो पुसू नका, रंगवलेला वेगळा ठेवा.

खापर_आणि_खिचडी
माई, _/\_. जाता जाता, हिवाळा संपत आला. बामणोदची वांगी कुणी आणली का या वर्षी? काड्यांवर भाजलेल्या भरिताचे फोटो चालतील या धाग्यात?

लेवा_पोरगी
भरीत फोटोत नेहमी वाईटच दिसतं. चव जितकी चांगली तितका फोटो वाईट.

रोखठोक_रावेर
भरीत बडगीत कुटताना काढा, ताटात वाढल्यावर नाही. वाफ दिसली पाहिजे, मागे अंधार ठेवा.

स्टुडिओवाला_चोपडा
@रोखठोक आं? हे तुम्हाला कसं माहीत?

रोखठोक_रावेर
मोबाइलवर काढतो अधूनमधून. केळीचेही. त्यात काय.

अमळनेरची_माई
भरीत झालं असेल तर मूळ धाग्याकडे येते. सगळ्यांनी चाक सांगितलं, म्हैस सांगितली, घुबड सांगितलं. पण पहिल्या पोस्टमधलं वहिनींचं वाक्य कुणी वाचलंच नाही का? चार हजार फोटूसमा मना एक भी नही. गिरणाकाठचे भाऊ, तुम्ही हसलात असं लिहिलंय. त्या हसल्या का?

माझ्याकडे यांचे तीन फोटो आहेत. लग्नातला, रेशनकार्डाचा आणि एका सत्कारातला, त्यात समोर माइक आलाय.

स्टुडिओवाला_चोपडा
माई, हे मी लिहायला हवं होतं. तिसऱ्या रांगेतल्या आज्या काढण्यात आयुष्य गेलं माझं.

भाऊ, क्लास नका लावू. महिनाभर फक्त गल्लीतली माणसं काढा. त्यांच्या कामात असताना, त्यांना विचारून. आणि छापा. चार बाय सहाचा एक फोटो दोन कटिंगच्या पैशात होतो. ज्याचा त्याला नेऊन द्या. बघतंय कोण हा प्रश्न आपोआप जाईल. सुरुवात कुठून करायची ते माईंनी सांगितलंच आहे.

गिरणाकाठचा
(अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.)

माईंचं वाचून दोन दिवस इथे लिहायची हिंमत झाली नाही. मग घरच्या आघाडीवर गेलो. पहिला प्रयत्न अंगणात, सकाळी. तिने पैठणी नेसली, खुर्चीवर बसली, हात गुडघ्यांवर, नजर सरळ. पासपोर्टचा फोटो. मी म्हटलं, हस थोडी. तर म्हणाली, "कसाले?" दुसरा प्रयत्न गिरणेच्या पुलावर, त्यात वाऱ्याने पदर तोंडावर. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, माले कामं शेतस.

मध्ये केकी मूसांचं घर बघून आलो, दोघंही. मी फोटो बघत होतो आणि ही खिडक्या बघत होती. येताना एस्टीत म्हणाली, त्या माणसाने उजेड एका बाजूनेच घेतलाय सगळीकडे. मी आठ महिने व्हिडिओ बघून जे शिकलो नाही ते हिने तिकीट काढायच्या आत सांगितलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. लेकी-जावई आलेले, मांड्यांचा बेत. मागच्या पडवीत चूल, वर खापर पालथं. दार पूर्वेचं, ऊन थेट आत येत नव्हतं, भिंतीवरून परतून येत होतं. मी दाराला पाठ न देता बाजूला, पिठाच्या डब्यावर बसलो. तिला सांगितलं नाही, पण लपलोही नाही. ती पुरण भरलेली पारी मनगटांवर घेते आणि हातावर हात फिरवत वाढवत नेते. कणीक इतकी पातळ होते की मागून उजेड आला की पुरणाचे गडद ठिपके आणि तिच्या बोटांच्या सावल्या दिसतात. हे मी ३६ वर्षं खात आलोय. पाहिलं नव्हतं.

पहिले चाळीस फोटो वाया. हात हललेले, कारण शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर होतं. १/२५० केलं, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, १६०० वर नेला, दाणेदार येईल तर येऊ दे म्हटलं. कणीक पांढरी, म्हणून अधिक एक. (चोपडावाले काका, म्हैस उलटी केली.) पाच मांड्यांनंतर ती मला विसरली. सहाव्या वेळी मांडा खापरावर टाकायच्या आधी क्षणभर थांबली आणि जावयाच्या कुठल्याशा बोलण्यावर हसली, तोंडाने नाही, डोळ्यांनी. हात दोन्ही वर, कणीक त्यांच्यावर, मागून उजेड. तो एक मिळाला.

पाचोऱ्याला जाऊन आठ बाय बाराचा करून आणला. तिच्या हातात दिला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "पदर देखा ना, कसा पडेल शे."

रात्री बघतो तर फोटो टेबलावर नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा फोन आला पारोळ्याहून, माझा असा कधी काढणार म्हणून. म्हणजे मोबाइलवर त्याचा फोटो काढून पाठवला होता. त्यात ट्यूबलाइटची चकाकी आलीय मधोमध, पण तोच सगळ्या खान्देशात फिरतोय.

पुढच्या आठवड्यात पारोळा.

अमळनेरची_माई
पारोळ्याहून अमळनेर लांब नाही, भाऊ. वहिनींना घेऊन या. गच्ची दाखवते.

रोखठोक_रावेर
मांड्याचा फोटो टाका इथे. आणि ते १/२५० मोबाइलमध्ये कुठे असतं?

भुसावळ_लोको
@रोखठोक प्रो मोड उघडा, एस लिहिलेलं असेल. सापडलं नाही तर भुसावळला या, स्टेशनवर चहा पीत दाखवतो.

खापर_आणि_खिचडी
जावई काय बोलले होते, ते सांगा आधी.